आवळकसा रीठ : लोकसंख्या शून्य

रकाना १. थांब्याचे नाव : आवळकसा रीठ

नाव बरोबर होतं. घोळ तिथूनच सुरू झाला.

रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. शंभर-सव्वाशे वर्षांमागे पटकी आली, माणसं मेली, उरली ती नाल्यापलीकडे जाऊन राहिली. रिठावर पुन्हा घर बांधायचं नाही, हा तिकडचा रिवाज. तिथं जुन्या लोकांचे दगड आहेत, त्यांच्या चुलीवर आपली चूल मांडत नाहीत. पुढे इंग्रजाने सागवान ओढायला रूळ टाकले ते मात्र रिठावरूनच, कारण जागा रिकामी होती आणि दगडांनी हरकत घेतली नाही. मग थांबाही रिठावर झाला. जमिनीच्या कागदात आवळकसा रीठ, म्हणून पाटीवर आवळकसा रीठ. गावाचं नाव नुसतं आवळकसा. ते नाल्यापलीकडे, तीनशे पावलांवर, बांबूच्या बेटामागे.

हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेल्वेसाठी पाहणी करणाऱ्या सल्लागार कंपनीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती सल्ला द्यायला आली होती, विचारायला नव्हे.

रकाना २. मार्ग : पाथरघाट जंक्शन ते इरूकमेट, चौतीस किलोमीटर. सद्यस्थिती : बंद

अठ्ठावीस वर्षं बंद. त्याआधी तीन डब्यांची गाडी रोज सकाळी जायची आणि दुपारी यायची. पाथरघाटला मोठ्या लाइनीची गाडी मिळायची, आणि माणूस जेवणवेळेला चांद्यात. मीराबाई रामटेके नवरी होऊन आली ती याच गाडीने. तीन वर्षांत गाडी बंद झाली. सासू म्हणायची, सून आली नि गाडी गेली. सासू गेली तरी गाडी आली नाही.

आता मात्र ती येणार होती. पेपरात आलं, मोबाइलवर आलं, आरमोरीच्या बाजारात भोंगा लावलेली गाडी सांगत फिरली. बंद पडलेला मार्ग मुख्य मार्गाला पुन्हा जोडणार, वनवासी बांधव देशाच्या प्रवाहात येणार. बांधव प्रवाहाबाहेर अठ्ठावीस वर्षं होते, पण इरूकमेटच्या डोंगरात लोखंडाचा दगड निघाला दोन वर्षांमागे. बांधवांची आठवणही साधारण तेव्हाच आली.

मीराबाईला प्रवाहाशी घेणं नव्हतं. तिची मुलगी खुशबू वीस वर्षांची, सिकलसेलची. दुखणं उठलं की हाडं कोणी आतून पिळतंय असं होतं, आणि मग दवाखाना गाठावाच लागतो. गेल्या पावसाळ्यात खाटेवर घालून नऊ किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत, तिथून काळीपिवळी जीप, मग बस, मग आणखी एक बस. सात तास लागले. पाचव्या तासाला खुशबूने ओरडणं बंद केलं. मीराबाईला जास्त भीती वाटली ती तेव्हा. गाडी सुरू झाली तर अडीच तास. तेवढंच तिला हवं होतं.

रकाना ३. प्रत्यक्ष पाहणी : केली

पाहणीला नागसेन आला. कंपनीचा माणूस, पण आरमोरीचाच. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि बोलणं असं की पुण्याचा माणूसही संकोचावा. भर दुपारी तो थांब्यावर उतरला. पडका फलाट, त्यातून वर आलेलं मोहाचं झाड, आणि झाडाखाली चैतू पोटावी विडी ओढत बसलेले. चैतूभाऊ ग्रामसभेचे अध्यक्ष, वय सत्तरीला टेकलेलं. जन्मात खोटं बोलले नाहीत, आणि त्यापायी गावाला बऱ्याचदा त्रास झाला.

नागसेनने विचारलं, इथे कोण राहतं?

चैतूभाऊंनी चारी बाजूंना पाहिलं. दगड, झाड, रूळ.

"इथी? इथी कोणी नाई राह्यत."

नागसेनने झाडाचा फोटो घेतला, रकान्यात शून्य घातलं आणि निघून गेला. नाल्यापलीकडे त्या वेळी अंगणवाडीत सत्तावीस पोरं खिचडी खात होती. त्यांचा गलबला थांब्यापर्यंत येतो. पण आवाजाला रकाना नव्हता.

रकाना ४. लोकसंख्या : ०

रकाना ५.

छापायचा राहून गेला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रकाना ६. शिफारस : थांबा वगळावा

यादी आली ती मोबाइलवर. सात थांबे, आवळकसा नाही. गावाने चैतूभाऊंना धारेवर धरलं. मंगलीबाई, म्हणजे त्यांची सख्खी भावजय, त्यांना रोज विचारायची की भाऊ, मी आज आहे का नाई. चैतूभाऊ म्हणायचे, त्यानं रिठाचं विचारलं, मी रिठाचं सांगतलो. गावाचं विचारलं असतं तर गावाचं सांगतलो असतो. यात त्यांचं काय चुकलं ते कोणालाच नीट सांगता येईना, म्हणून त्यांना आणखी बोलणी बसली.

मीराबाई चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका. तिच्याकडे गावाचं रजिस्टर. कोण जन्मलं, कोण मेलं, कोण गरोदर, कोणाचं वजन घटलं, सगळं तिच्या हातचं. ते पिशवीत घालून ती सात तास जाऊन चांद्याला या लाइनीचं काम पाहणाऱ्या रेल्वेच्या साहेबांच्या ऑफिसात पोचली. साहेब भला माणूस निघाला. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला, रजिस्टर चाळलं, अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाला की हे महिला-बालकल्याणचं आहे, रेल्वेच्या कामात धरता येत नाही. थांब्याचं नाव रीठ, रीठ म्हणजे निर्जन, हे महसूल खातंच म्हणतं. नाव बदलायचं तर तहसीलला अर्ज, तहसीलहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून मुंबईला. साधारण किती दिवस, असं तिने विचारलं. साहेबाने दिवस हा शब्द ऐकून हसू आवरलं.

"बाई, मागचा थांबा फक्त अकरा किलोमीटरवर आहे," तो म्हणाला. फक्त हा शब्द त्याने फार गोड उच्चारला.

कोपऱ्यात नागसेन संगणकात डोकं घालून होता. मीराबाईने त्याला ओळखलं. जाताना त्याच्या टेबलाशी थांबून तिने विचारलं, आरमोरीचा कोणाचा रे तू. त्याने बापाचं नाव सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, चांगले लोक आहेत. पोरगा बराच वेळ त्याच पानावर बसून होता.

रकाना ७. मार्गातील झाडे : २,३१६

माणसं मोजायला एक माणूस आला आणि एक विडी संपायच्या आत परत गेला. झाडं मोजायला अकरा आले आणि नऊ दिवस राहिले. अठ्ठावीस वर्षांत रुळांच्या मधून, बाजूने, स्लीपरांच्या फटीतून जंगल उगवलं होतं. एकेका झाडाला फीत लावली, घेर मोजला, पिवळ्या रंगाने नंबर टाकला. धावड्याला नंबर, ऐनाला नंबर, करंगळीएवढ्या तेंदूलाही नंबर. खुशबू नाल्यावर बसून पाहायची. आईला म्हणाली, मीही जाऊन उभी राहू का ओळीत, एखादा नंबर भेटून जाईन.

सगळा हिशोब वन खात्यात गेला. तिथून फाइल चार दिवसांत परत आली, आणि तिच्यावर एकच ओळ होती. ही सर्व झाडे असलेल्या किलोमीटर सोळा ते अठ्ठावीसमधील जंगलावर आवळकसा ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मान्य आहे. ग्रामसभेच्या संमतीचा ठराव जोडावा.

म्हणजे सरकारच्या एका कागदात तिथं कोणीच राहत नव्हतं, आणि दुसऱ्या कागदात जे राहत होते त्यांच्या सहीशिवाय काडी मोडता येत नव्हती. दोन्ही कागदांवर शिक्के होते. आणि उद्‌घाटनाची तारीख ठरली होती. पुढारी ठरले होते, हार ठरले होते, जेवणात काय काय ते ठरलं होतं.

रकाना ८. स्थानिकांशी चर्चा : समाधानकारक

हा रकाना चर्चेच्या आधीच भरून आणला होता.

तीन गाड्या आल्या. साहेब, वन खात्याचे दोघं, नागसेन, आणि पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका. समाजमंदिरात सतरंजी टाकली. साहेबाने आधी रेल्वेचा इतिहास सांगितला, मग देशाची प्रगती सांगितली, मग टंकलेला ठराव पुढे सरकवला. खाली रेघा आखल्या होत्या. फक्त सह्या, तो म्हणाला. पुन्हा तसाच गोड फक्त.

मीराबाईने कागद घेतला. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"कोणत्या गावाची सही पाहिजे जी?"

"याच गावाची बाई. आवळकसा रीठ."

"तिथी तं कोणी राह्यत नाई, साहेब. तुमच्याच कागदात आहे. शून्य." तिने कागदाची घडी घातली. "शून्याची सभा कशी भरवाची? निम्मे लोक तरी पाहिजे म्हंते कायदा. शून्याचे निम्मे किती होते, तुमीच सांगा. तुमी शिकलेले."

मागे बाया बसल्या होत्या. आधी मंगलीबाई हसली, मग ते हसू भिंतीला धरून पुढपर्यंत आलं. चैतूभाऊंनी विडी कानावरून काढली, पण पेटवली नाही. कित्येक महिन्यांनी त्यांची मान ताठ झाली होती.

"मी तं पयलेच सांगतलो होतो," ते म्हणाले.

साहेबाने समजावून पाहिलं. ती एक लेखनातली चूक होती, तांत्रिक बाब होती, भावना दुखवायचा हेतू नव्हता. मीराबाईने शांतपणे सांगितलं की भावना नाही दुखल्या, हाडं दुखतात, आणि ती पोरीची. साहेबाला ते कळलं नाही. मग त्याने आवाज चढवला. राष्ट्रीय कामात अडथळा आणाल तर कारवाई होईल. चैतूभाऊंनी अगदी सरळ विचारलं, कारवाई कोणावर करता, इथी तं कोणी नाई. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेवटी साहेब नागसेनकडे वळला आणि म्हणाला की आत्ताच्या आत्ता मोजून टाक.

रकाना ४ (सुधारित). लोकसंख्या : ४३७

नागसेन घरोघर फिरला. संध्याकाळी आकडा आणला चारशे सदतीस. आता आकडा जितका मोठा तितकी संमती भक्कम दिसणार होती, म्हणून कोणाकडे पाहुणे आले होते तेही धरले, घुग्घुसच्या खाणीत कामाला गेलेले धरले, आणि बहुधा एक-दोन घरं दोनदा.

मीराबाईने रजिस्टर उघडून त्याच्यासमोर ठेवलं.

"चारशे बारा. वारलूची बायको माहेरी आहे, ते धरून चारशे बारा. शून्य बी नको, वरचे बी नको."

नागसेन वाकून आकडा खोडू लागला. खोडताना पहिल्यांदाच आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "मावशी, मले माफ करजा. मी नाला पार केलो असतो तं दिसलं असतं."

"नाल्यात गुडघाभर पाणी होतं," मीराबाई म्हणाली. "बूट भिजले असते तुये."

रकाना ९. ग्रामसभा

सभा दुसऱ्या दिवशी भरली. साहेबाला बाहेर बसवलं, गाडीत. त्याने एसी लावून घेतला.

चैतूभाऊंचं म्हणणं सरळ होतं. गाडी दगडासाठी येते. दगड निघाला की दगडाच्याच गाड्या चालतील. वीसेक दिवस माणसांचा डबा लावतील फोटोसाठी, मग तोही काढतील. झाडं गेली ती गेली.

 मीराबाईला उठून म्हणायचं होतं की तोडा सगळी, दोन हजार तीनशे सोळाच्या सोळा, मी स्वतः कुऱ्हाड धरते, पण गाडी येऊ द्या. ओठांवर आलं होतं. याच झाडांचा तेंदूपत्ता तिने तोडला होता, हेही तिला आठवत होतं. शून्याचा टोला मारताना गाव तिच्या मागे होतं. आता तिलाच गावाच्या आड उभं राहावंसं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटेना.

खुशबू दाराशी भिंतीला टेकून बसली होती. तिने आईचा चेहरा पाहिला.

"आई, दगडाची गाडी मले पाहून थांबन का?"

 मीराबाईला चोवीस वर्षांची नोकरी आठवली. अंगणवाडीत वजनकाटा आला तो फोटोच्या दिवशी, आणि फोटोनंतर दुसऱ्या गावच्या फोटोसाठी गेला. खेळणी आली, फोटो झाला, गेली. एकच वस्तू टिकली, खिचडीचं पातेलं, कारण वरच्या साहेबाची पाहणी व्हायची होती आणि ती अजून झालेली नव्हती. सरकारला काही मिळायचं उरलं असेल तोवरच सरकार येतं. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

ती उठली आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. एका टोकाला पाथरघाट, दुसऱ्या टोकाला इरूकमेट आणि त्याचा दगड. मध्ये, एकोणीस किलोमीटरवर, आपल्या थांब्यापाशी, तिने खडू टेकवला.

"इथपर्यंत तोडू द्या," ती म्हणाली. "इथून पुढे नाई."

चैतूभाऊंनी रेघेकडे पाहिलं. मग विडी पेटवली.

ठराव क्रमांक ४
*(टंकलेला नाही. रजिस्टरच्या पानावर, निळ्या शाईत.)*

पाथरघाटकडून आवळकसा थांब्यापर्यंतची १,३०२ झाडे तोडण्यास सभा संमती देते.

थांब्यापुढची, इरूकमेटकडची १,०१४ झाडे उभी राहतील.

माणसांची गाडी रोज थांबली, असे एक वर्ष सलग गेले, तर पुढच्या झाडांचा विचार सभा करील. करील म्हणजे विचार करील.

हजर : मतदारांपैकी २०३. सह्या व अंगठे मागे.

रकाना १०. कामाचे टप्पे

साहेबाने ठराव वाचला आणि एसी बंद केला. अशी अर्धी लाइन कुठे असते का, असं तो म्हणाला. दगडाशिवाय लाइन परवडत नाही, हेही त्याच्या तोंडून निघून गेलं. तारीख मात्र पुढ्यात होती. पुढारी तारीख बदलणारे नव्हते. बदलली असती तर का बदलली ते सांगावं लागलं असतं, आणि चारशे बारा माणसांनी अडवलं हे सांगायचं तर आधी ती माणसं आहेत हे सांगावं लागलं असतं.

आठवड्याने पेपरात आलं. पुनर्जोडणीचा पहिला टप्पा, पाथरघाट ते आवळकसा, सुरुवातीपासूनच नियोजित होता. साहेबाचं नाव त्यात दूरदृष्टी या शब्दाच्या शेजारी छापलं होतं.

रकाना ११. उद्‌घाटन

गाडी आली. पाच डबे, झेंडूने मढवलेलं इंजिन. रिठावर ती थांबली, कारण पुढे रूळ होते पण रुळांत जंगल उभं होतं, आणि त्यातल्या पहिल्याच ऐनावर पिवळा नंबर होता, १३०३. इंजिनाला सुटून पुढच्या तोंडाला यायला दुसरी लाइन नव्हती. ती पुढच्या टप्प्यात होती. म्हणून परत जाताना इंजिन मागून ढकलणार आणि सगळे पाहुणे पाठमोरे पाथरघाटला पोचणार, असं ठरलं. पुढाऱ्यांनी भाषणात गती हा शब्द नऊ वेळा वापरला. नारळ फुटला. फोटो झाले. साहेबाने चैतूभाऊंना पुढे बोलावून त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला, आणि आपलं गाव आता नकाशावर आलं, कसं वाटतं, असं माइकवर विचारलं. गाव पहिलेपासून इथीच आहे, चैतूभाऊ म्हणाले. माइक लगेच परत घेतला गेला.

शिट्टी झाली तशी मीराबाई खुशबूचा हात धरून दुसऱ्या डब्याच्या पायरीवर चढली. दारात एक स्वयंसेवक होता, छातीवर फूल लावलेला. त्याने हात आडवा केला. ही विशेष गाडी आहे बाई, फक्त निमंत्रितांसाठी. तुमची उद्यापासून.

"थांबली ना इथी?" मीराबाई म्हणाली. "थांबली म्हंजे चढाचं."

मागून मंगलीबाई चढत होती, तिच्या मागे वारलू, त्याच्या मागे अख्खं आवळकसा, पिशव्या घेऊन, आणि स्वयंसेवकाचा हात एकच होता. तो बाजूला झाला.

डबा थंड होता. खुर्च्यांवर पांढरे टॉवेल. मीराबाईने मोकळी जागा शोधताना तिसऱ्या रांगेत एक ओळखीचं टक्कल पाहिलं. चांद्याच्या दवाखान्यात सिकलसेलचा बाह्यरुग्ण विभाग सोमवारी पाहणारे डॉक्टर. पुढाऱ्यांच्या प्रकृतीसाठी त्यांना आज गाडीवर नेमलं होतं. मांडीवर रक्तदाबाचं यंत्र, समोर काजूची बशी. आज सोमवार होता.

मीराबाई त्यांच्या शेजारी बसली. खुशबूला समोर बसवलं. पिशवीतून फाइल काढली आणि रक्तदाबाच्या यंत्रावर ठेवली.

"अहो बाई, इथे?" डॉक्टर म्हणाले.

"तुमी तिथी नाई, म्हणून इथी."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. गाडी हलली, मागच्या मागे. त्यांनी चष्मा चढवला, फाइल उघडली, मग खुशबूच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. हे किती दिवसांपासून, त्यांनी विचारलं, आणि या वेळी त्यांना उत्तर हवं होतं. मीराबाई सांगू लागली. तारखेसकट सांगू लागली.

अर्ध्या वाटेत तोच स्वयंसेवक लगबगीने आला. पुढच्या डब्यात साहेबांना घाबरल्यासारखं होतंय, उलटं बसायची सवय नाही, डॉक्टरांना लगेच बोलावलंय.

डॉक्टर उठू लागले. मीराबाईने त्यांच्या हातावर नुसता हात ठेवला, आणि स्वयंसेवकाला सांगितलं, "पेशंट पाहून राह्यले. नंबर लाव."